तिसरी पिन

आज मी जो काही आहे, तो नामदेवराव मेश्राम यांच्यामुळे. आईवडिलांनी वाढवलं, शाळेत घातलं, हे आहेच. पण उमरेडच्या विणकराचा मुलगा नागपुरात राहून बी.एस्सी. होऊ शकतो, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. ते मेश्रामकाकांच्या डोक्यात आलं. त्यांचे वडील आणि माझे आजोबा एकाच छपराखाली माग चालवत. तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आपल्या घरी ठेवून घेतलं. काकांचा धंदा साऊंडचा. लग्नं, जलसे, ऑर्केस्ट्रा, देवीचे मांडव, सगळीकडे त्यांचे स्पीकर जात. मला त्यांच्यासोबत जायची फार हौस. पण परीक्षा जवळ आली की ते गाडीच्या दारातच अडवत. "पेपर हाये न तुया उद्या? मंग केबलले हात लावू नको. केबल कुठं पळून नाई चालली."

पास झालो तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात तेच वाक्य म्हटलं, "साऊंडवाल्याच्या घरी सायंटिस्ट झाला, घ्या!" मला लाज वाटली होती. आता ते वाक्य आठवायचंही मी टाळतो.

पोळा होतो, दुसऱ्या दिवशी महाल भागातून मारबतीचा मोठा पुतळा निघतो, लोक रोगराई तिच्या गळ्यात बांधून तिला शहराबाहेर हाकलतात, आणि मग नागपूरवर एक विचित्र हवा उतरते. पाऊस गेला असं म्हणता येत नाही, आहे असंही नाही. दुपारी ऊन चावतं, अंगाला कपडे चिकटतात, आणि चारच्या सुमारास कुठून तरी ढग येऊन सगळं काळं करून टाकतात. मैदानांवर बांबू पडू लागतात. ओल्या कापडाचा, सुतळीचा आणि चिखलाचा मिळून एक वास येतो, तो मांडवाचा वास. मी आता एका सभागृहाचा ध्वनिव्यवस्थापक आहे. खोली बंद, एसी चालू, काचेच्या पलीकडे सगळं शांत. तरीही बाहेर पहिला बांबू रोवला गेला की माझे कान आपोआप उभे राहतात. मी घुंई ऐकू लागतो.

घुंई म्हणजे स्पीकरमधून येणारा तो एकसुरी, जाड आवाज. कुणी गात नसतं, काही वाजत नसतं, तरी स्पीकर गुणगुणत असतो. इतरांना ती नुसती कटकट वाटते. आमच्या धंद्यातल्या माणसाला कळतं, की वीज कुठेतरी नको त्या वाटेने फिरते आहे.

मी पास झालो त्या वर्षी, काकांचा साऊंड लागे त्या ऑर्केस्ट्रात मॉडेलर आला. राजूभाऊ डोंगरे आमचे गिटारवाले, कन्हानचे. काकांचे वीस वर्षांचे मित्र. पोट सुटलेलं, कपाळावर नेहमी घाम, आणि बोटं मात्र अशी हलकी की वाटे, ही दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणली आहेत. इतकी वर्षं ते आपला जुना अ‍ॅम्प आणि स्पीकरचा लाकडी खोका, म्हणजे कॅबिनेट, गाडीत घालून आणत. आता त्यांनी तो मॉडेलर घेतला, फूटभर लांबीची एक काळी लोखंडी पेटी. ती पायाशी ठेवायची, गिटारची वायर तिच्यात घालायची, आणि ती हव्या त्या अ‍ॅम्पचं आणि हव्या त्या कॅबिनेटचं सोंग घेते. सोंगच ते. आत ना अ‍ॅम्प, ना खोका.

"मंग आता तो खोका घरी ठेवा न राजूभाऊ," काका म्हणाले.

"नाई ठेवत. समोरच्या लोकाईले पेटीतून ऐकव तू. मले माया खोकाच पायजे मागं."

"काहून?"

"मांड्याईले हवा लागली पायजे गा! हवा लागल्याशिवाय गिटार वाजवल्यासारखं वाटतच नाई. नुसतं टायपिंग केल्यासारखं वाटते."

म्हणून त्या पेटीतून आवाजाच्या दोन वाटा काढाव्या लागल्या. एक वाट मिक्सरकडे, तिथून समोरच्या मोठ्या स्पीकरांना, प्रेक्षकांसाठी. दुसरी वाट स्टेजवरच्या जुन्या अ‍ॅम्पला आणि त्याच्या खोक्याला, राजूभाऊंच्या मांड्यांसाठी. पहिल्या दिवशी मी दोन्ही वाटांना एकच आवाज दिला. समोर छान वाजलं; मागचा खोका मात्र गोधडीतून बोलल्यासारखा बोलायला लागला. मी बटणं फिरवत बसलो. काका आले, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं, आणि माझ्या टाळक्यावर हलकी टपली मारली.

"सुन्या, पेटी खोक्याचं सोंग घेते म्हनतं न तू? अन् मागं खरा खोका हाये. डोक्यावर टोपी असून त्याच्यावर अजून टोपी काहून घालतं बे?"

खोक्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं सोंग बंद केलं, समोरच्या वाटेवरचं ठेवलं. दोन्हीकडे आवाज उघडला. मॅन्युअलमध्ये हेच तीन पानं भरून लिहिलं होतं. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून ते मॅन्युअल मी त्यांना रोज सकाळी तर्री-पोहे खाताना मराठीत सांगत असे. असंच एका सकाळी मी त्या छोट्या बटणाबद्दल वाचलं. मिक्सरकडे जाणाऱ्या वाटेवर घुंई आली, तर हे बटण दाबायचं. पेटी आणि मिक्सर यांची जमीन, म्हणजे अर्थिंग, त्याने वेगळी होते आणि घुंई जाते.

"धोका नाई न?" काकांनी विचारलं.

"नाही काका. अ‍ॅम्पची तिसरी पिन जमिनीला लागलेली असते. ती असली की धोका नाही."

हे मी सांगितलं होतं. शब्दही हेच होते.

तिसरी पिन म्हणजे प्लगची वरची जाड पिन. यंत्रात कुठे वीज सुटली, तर ती माणसाला सोडून त्या पिनेतून जमिनीत जाते. आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. घुंई आली की ही पिन हॅकसॉने कापून टाकायची. घुंई बहुतेक वेळा जाते. सोबत काय गेलं ते दिसत नाही. काका या एका गोष्टीवरून चिडत. एरवी कुणाला वाईट न बोलणारा माणूस, पण कापलेली पिन दिसली की शिव्या घाली. "घुंई राहिली तं गानं खराब होते. पिन कापली तं मानूस."

सीझनचा पहिला कार्यक्रम एका लॉनवर होता. काका समोर, मिक्सरवर; मी स्टेजवर. पेटीच्या दोन्ही वाटा लागल्या आणि घुंई सुरू झाली. खोक्याचा अ‍ॅम्प मांडवाच्या लाइनवर, मिक्सर जनरेटरवर. दोन जमिनी एकमेकींशी भांडत होत्या. आयोजक येऊन ओरडून गेला. निवेदक हसला. गायिका म्हणाली, "कोण बाप्पा हे भुंगे सोडले?" मला ते बटण आठवायला हवं होतं. मीच ते वाचलं होतं. पण कान तापले होते, हातात टूलकिट होतं, आणि लाज वाटत असलेला माणूस पुस्तकाकडे जात नाही, सवयीकडे जातो. खोक्याच्या मागे बसून मी अ‍ॅम्पची पिन कापली. पितळेचा तुकडा गवतात पडला. घुंई गेली.

काकांनी लांबून हात वर केला. कार्यक्रमानंतर खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कशी घालवली गा घुंई?"

"केबल बदलली," मी म्हणालो.

"शिकला बे तू!"

त्या तीन शब्दांनी मी अडकलो. उद्या नवा टॉप, म्हणजे प्लग, लावू, असं मनाशी म्हटलं. मग उद्या दुसरा मांडव होता, परवा तिसरा.

त्या दिवसांचं सगळं मला वेगवेगळं आठवतं, एकामागून एक नाही. स्टेजच्या लोखंडी ट्रसवरच्या दिव्यांभोवती घोंगावणारी चिलटं. पायाखाली दबला की पाणी सोडणारा हिरवा गालिचा. मैदानाच्या कडेला ताडपत्रीवर साचलेल्या पाण्याचं मोठं पोट, आणि ते बांबूने ढकलणारा माणूस. पहिल्या तालमीची टाळी. आणि राजूभाऊंचा आवाज, हसरा, सहज:

"सुन्या, गिटार चावून राहिली गा आज."

मी वळून पाहिलं. मिक्सरकडची केबल अजून लागायची होती. मी ती लावली.

"आता?"

"आता नाई चावत. जादू केली बे!"

जादू काहीच नव्हती. पेटीचा अ‍ॅडाप्टर दोन पिनांचा. राजूभाऊंच्या तारांना जमिनीकडे जायच्या दोनच वाटा होत्या. एक खोक्याच्या अ‍ॅम्पमधून, ती मी कापली होती. दुसरी मिक्सरच्या केबलमधून. आता फक्त तीच होती. त्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये वीज थोडी थोडी सुटते आहे, आणि हा माणूस त्या एका केबलच्या आधारावर उभा आहे, हे मला त्या क्षणी कळलं. मी भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालो होतो. न कळल्याचं सोंग घ्यायलाही मला जागा नव्हती.

तीनदा असं झालं. दुसऱ्यांदा मी त्यांना म्हणालो, घाम असेल. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही, नुसतं बोट झटकलं. मी ते पाहिलं.

रात्री घरी परतल्यावर मी रोज ठरवायचो. सकाळी काका चहा पुढे करायचे आणि ठरवलेलं सगळं विरघळून जायचं. ज्या माणसाने आपल्याला माणसात आणलं, त्याच्या तोंडावर "मी तुमच्याशी खोटं बोललो" हे म्हणायला काय लागतं, ते मला माहीत नव्हतं. मी त्याला कृतज्ञता समजत होतो. इतक्या वर्षांनी कळतं, की मला माझं कौतुक परत द्यायचं नव्हतं.

नवरात्रातल्या अष्टमीच्या सकाळी पाऊस झाला. दुपारी ऊन आलं, मैदानातून वाफा निघू लागल्या. मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्री फाटली होती आणि पाण्याची धार खोक्याच्या अ‍ॅम्पवर पडून गेली होती. कुणीतरी तो कपड्याने पुसून ठेवला. त्या दिवशी मी समोर, मिक्सरवर होतो. मला यायला हवं ते सगळं शिकवून झालं म्हणून काका स्वतः स्टेजवर गेले होते. चारची वेळ. अर्धे लोक जेवून पेंगत होते. राजूभाऊंनी गिटार गळ्यात घातली, पेटीच्या वाटा लागल्या, आणि समोरच्या स्पीकरांत घुंई उठली. बारीकशी होती.

मी पाहिलं, की काका वाकले. त्यांनी चष्मा वर केला. पेटीच्या मागे बोटाने चाचपलं. मी सकाळच्या पोह्यांवर वाचून दाखवलेलं ते बटण त्यांनी दाबलं.

घुंई गेली. काकांनी माझ्याकडे पाहून अंगठा उंच केला. केवढा आनंद होता त्यांच्या तोंडावर! पुस्तकातली गोष्ट पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने केली होती.

जमिनीकडे जायच्या दोन्ही वाटा बंद झाल्या होत्या.

मिक्सरवरून स्टेजशी बोलायचा माईक माझ्या हाताशी होता. राजूभाऊ गाण्याच्या माईककडे निघाले होते, चार पावलांवर. मी माझा माईक उचलला. आणि मी विचार करत बसलो. 'थांबा' म्हटलं तर काका विचारतील, का? पिनेचं न सांगता कसं थांबवायचं? काही कारण सुचत होतं का, हे मी शोधत होतो. ती चार पावलं मी तेव्हापासून जितक्या वेळा मोजली, तितक्या वेळा दुसरं काही मोजलेलं नाही.

राजूभाऊंनी "हॅलो" म्हणायला ओठ माईकला लावले. डावा हात तारांवर होता.

त्यापुढचा आवाज मी लिहिणार नाही. मी मेन बंद केला, एवढं मात्र लवकर केलं. ते गालिच्यावर पडले होते, काका त्यांच्या छातीवर दाबत होते आणि "राजू, ए राजू, ऊठ न गा" असं एखाद्या झोपलेल्या माणसाला उठवावं तसं म्हणत होते. राजूभाऊ उठले. जगले. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र उठली नाहीत.

त्यांना गाडीत घालून नेलं तेव्हा स्टेज रिकामं झालं. मी खोक्याच्या मागे गेलो. अ‍ॅम्पचा कापलेला प्लग वायरीपासून तोडला आणि टूलकिटमधला नवा थ्री-पिन टॉप लावला. काळ्या वायरीला पांढरा टॉप. मांडवाच्या इलेक्ट्रिशियनने नंतर तपासलं, तिन्ही पिना जागेवर. पेटीवरचं बटण मात्र दाबलेलं. काकांची नजर त्या पांढऱ्या टॉपवर गेली की नाही, मला आजही सांगता येत नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर ते मला म्हणाले, "तू बरोबरच वाचलं असशील, सुन्या. मलेच समजलं नाई. म्हाताऱ्या मानसानं नवीन गोष्टीले हात लावाले नाई पायजे."

मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेलो.

दिवाळीनंतर काकांनी साऊंड विकून टाकला आणि पवनीकडच्या त्यांच्या गावी निघून गेले. राजूभाऊ कन्हानला पुतण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. मला सभागृहात नोकरी लागली, पदवीमुळे. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, अनुभव किती?

मी कदाचित कधीच बोललो नसतो. पण गेल्या आठवड्यात महालातल्या एका मांडवात एका मित्राने मला साऊंड पाहायला बोलावलं. गिटारवाल्याच्या पायाशी तसलीच काळी पेटी होती. आता तर ती सगळ्यांकडेच असते. मी स्टेजच्या मागे गेलो. पॉवर-बोर्डवर एकामागून एक प्लग होते. एकालाही वरची पिन नव्हती. अ‍ॅम्पला नाही, कीबोर्डला नाही, कशालाच नाही.

"हे काहून कापलं गा?" मी तिथल्या साऊंडवाल्याला विचारलं. माझ्याच वयाचा माणूस, तोंडात तंबाखूचा खर्रा.

"घुंई येते न सर."

"पेटीवर बटण आहे की त्याच्यासाठी."

त्याने खर्रा थुंकला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "त्या बटनाले नागपुरात कोनी हात नाई लावत, सर. मेश्रामकाकाचा किस्सा तुमाले माहीत नाई का? बटन दाबलं अन् गिटारवाला चिपकला! तिन्ही पिना होत्या तरी. तवापासून आमी सारे पिनच कापतो. पिन कापनं सेफ हाये." मग एकदम आठवून म्हणाला, "तुमी तं तिथंच होते म्हनते न?"

"हाव," मी म्हणालो. "होतो."

त्याला कापलेल्या पिना बदलायला लावल्या. तो हसत हसत कबूल झाला. मला माहीत आहे, मी मांडवाबाहेर पडलो की त्याने पुन्हा हॅकसॉ काढला असेल. सभागृहातल्या एका सरांचं कोण ऐकतं? त्यांच्याकडे मेश्रामकाकांचा किस्सा आहे. शहरात किती मांडव आहेत, मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आज सकाळी ढग आहेत. हवा हलत नाही. कुठेतरी तालमीचा ढोलक सुरू झाला आहे, आणि कुठल्या तरी स्टेजवर कुणीतरी म्हणत असेल, गिटार चावून राहिली गा.

काकांना मी यापूर्वी तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा पाऊसपाण्याचं बोलून ठेवला. म्हणून काल पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते असं होतं:

*आदरणीय काका,*

*सप्रेम जयभीम.*

*हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. मी सोपं मराठी लिहिलं आहे आणि अक्षर मोठं काढलं आहे.*

*तुम्ही दाबलेलं बटण बरोबर होतं. मी बरोबर वाचलं होतं आणि तुम्हाला बरोबर समजलं होतं. राजूभाऊंना शॉक लागला तो बटणाने नाही. खोक्याच्या अ‍ॅम्पची तिसरी पिन मी पहिल्याच कार्यक्रमात कापली होती. केबल बदलली असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. राजूभाऊंना झिणझिण्या येत होत्या तेव्हा मला कारण माहीत होतं. तुम्ही बटण दाबलं तेव्हा पुढे काय होणार तेही माहीत होतं. माईक माझ्या हातात होता. मी ओरडलो नाही, कारण ओरडलो असतो तर पिनेचं सांगावं लागलं असतं. नंतर नवा टॉपही मीच लावला.*

*तुम्ही धंदा सोडला, तेव्हा मी तुमचे स्पीकर गाडीत चढवायला मदत केली. तेव्हाही बोललो नाही.*

*परवा कन्हानला जाऊन राजूभाऊंना सांगितलं. त्यांनी झेरॉक्सचं मशीन बंद केलं. मग म्हणाले, "नामदेवले सांग. आधी त्याले सांगाले पायजे होतं." एवढंच. मला बस म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत.*

*आता इथे सगळे साऊंडवाले तुमचं नाव घेऊन पिना कापतात. बटणाने माणूस मरतो असं समजतात. खोटं माझं आहे आणि ते तुमच्या नावाने चाललं आहे. माफी मागायला मला तोंड नाही, आणि तुम्ही ती द्यावी असं मी म्हणतही नाही. हे लोकांच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी लिहितो आहे. पत्र पोचायला तीन दिवस लागतील असं पोस्टात सांगितलं. तितके दिवस थांबणंही मला भीतीचं वाटतं, पण तुमच्या आधी त्या साऊंडवाल्यांना सांगणार नाही.*

*चौथ्या दिवशी सकाळी महालातून सुरुवात करतो. एकेका मांडवात जाईन. प्रत्येक ठिकाणी आधी माझं नाव सांगेन, मग पिनेचं.*

*तुमचा,*
*सुनील*